वास नसलेला ढीग

काकांच्या नाकाबद्दल टेकडीवर जे बोललं जायचं त्यातलं निम्मं थापा होत्या, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. उरलेलं निम्मं मात्र खरं होतं. उभा जन्म औषधांच्या दुकानात गेलेला माणूस. बाटलीवरची चिठ्ठी पुसून गेली असली तरी बूच काढून आत काय आहे ते अचूक सांगायचे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला नेमकं काय झालंय हे आपल्याला वासावरून कळतं, असंही ते ठोकून द्यायचे. नवऱ्याच्या एवढ्या थापेकडे काकू काणाडोळा करत.

म्हातारपणी हे नाक घाणेरीच्या मागे लागलं होतं. घाणेरी म्हणजे ते रंगीत फुलांच्या झुबक्यांचं काटेरी झुडूप. कधीकाळी कुणीतरी हौसेनं बागेच्या कडेला लावलं, आणि या बयेनं बाग सोडून सगळी टेकडी गिळली. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, दुसरं रोप धरत नाही, पाखरं तिची फळं खाऊन बिया आणखी लांब नेऊन टाकतात. म्हणून दर रविवारी सकाळी काही माणसं पहारी, कुदळी आणि जाड हातमोजे घेऊन टेकडीवर जमायची आणि तिला मुळापासून काढायची. यात कुणाला दमडी मिळत नव्हती. मिळायचे ते ओरखडे आणि पाठदुखी, तरी मंडळी येत राहायची.

कामाची रीत ठरलेली होती. काका पुढे जायचे, झुडपाचं पान तोडून बोटांत चुरडायचे, नाकाशी न्यायचे आणि घाणेरीच असेल तर फांदीला लाल फीत बांधायचे. फीत दिसली की मागचे खणायला घ्यायचे. नुसतं वरून छाटून भागत नाही, जमिनीखालची जाड गाठ तोडावी लागते, नाहीतर ती दुप्पट जोरानं फुटते. आणि काढलेली झुडपं मुळं आभाळाकडे, शेंडे खाली, अशी उलटी रचायची, कारण सुलटी टाकली तर पडल्या जागी पुन्हा मूळ धरायला ती कमी करत नाहीत. असा ढीग पुरता वाळेपर्यंत उग्र वास मारत राहायचा.

आता फीत बांधण्याआधी एवढी परीक्षा कशाला, असं नव्या माणसाला वाटायचं. त्याचं कारण खरबडी. ही मूळची इथली, टेकडीची लेक. पान तसंच खरखरीत, कडा तशाच कातरलेल्या, कोवळी फांदीही तशीच. फुलं नसताना दोघींना शेजारी उभं केलं तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. फरक एकच. घाणेरीचं पान चुरडलं की वास थेट डोक्यात जातो, आणि खरबडीच्या पानाला वासच नाही. फक्त गंमत अशी की ही खरबडी काका सोडून कुणी पाहिलेलीच नव्हती. त्यांनी ती लहानपणी इथल्या घळीत पाहिली होती, फांदीभर बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेली. "एक खरबडी दिसू दे, मग मी पहार टाकायला मोकळा," असं ते प्रत्येक रविवारी म्हणायचे. त्यावर ब्रेकभाऊ म्हणायचे की तोवर आमची पाठ टिकली पाहिजे. ब्रेकभाऊ म्हणजे निवृत्त बसचालक. दर चार कुदळींनंतर थांबायचे, म्हणून हे नाव.

काकूंना झाडाझुडपांचं मुळीच वेड नव्हतं. त्यांना वेड होतं ते काकांनी अंथरुणातून उठण्याचं. दुकान विकलं त्या वर्षी काकांनी अंथरूण धरलं होतं. दुखणं म्हणावं तर काही नाही. सकाळी उठून आंघोळ करायचे, सवयीनं बूट घालायचे, आणि जायला कुठे नाही हे लक्षात आलं की बुटांसकट पलंगावर आडवे होऊन भिंतीकडे तोंड करायचे. चादरीवर बुटांची माती पडायची. काकू ती झटकायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून रडायच्या. शेवटी वरच्या मजल्यावर राहणारी सिस्टर एक दिवस झुडपाची फांदी घेऊन आली. ती रुग्णालयात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर राबायची. काका, एवढं पान ओळखून द्या, आमच्यात वाद झालाय, म्हणाली. काकांनी पडल्या पडल्या पान चुरडलं, हुंगलं, आणि उठून बसले. त्या दिवसापासून काकू सिस्टरला मनातल्या मनात हात जोडत आल्या होत्या.

मग थंडीत काकांना ताप आला. ताप गेला, खोकला गेला, काका हिंडूफिरू लागले. एका सकाळी काकू कपडे वाळत घालून आत आल्या तर घरभर धूर आणि करपलेल्या दुधाचा भपका. आणि काका शेगडीला पाठ करून, हातभर अंतरावर, वर्तमानपत्र वाचत बसलेले. काकूंनी शेगडी बंद केली. काकांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग काकूंच्या तोंडाकडे. "लक्ष नव्हतं माझं," ते म्हणाले. लक्ष नसणं हा त्यांचा स्वभावच नव्हता, पण काकूंनी पातेलं घासायला घेतलं. दोन दिवसांनी न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत काका डोळे मिटून फिनेलची बाटली नाकाला लावून उभे होते. एकदा, पुन्हा एकदा, छाती भरून ते वास घेत होते आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. काकू पावलांचा आवाज न करता मागे फिरल्या.

बोलायला हवं होतं, दुसरं काय. संसारात इतकी वर्षं एकमेकांशी कशाकशावरून भांडलेली ही दोन माणसं, पण इथे दोघांचीही दातखीळ बसली. काकूंना डोळ्यांपुढे तो पलंग दिसत होता, ती भिंत आणि चादरीवरची माती. पुढच्या रविवारी त्या आपण होऊन म्हणाल्या की मीही येते, गुडघे जरा मोकळे होतील. आजवर टेकडीच्या नावानं नाक मुरडणारी बायको आज का येतेय, हे काकांनी विचारलं नाही.

टेकडीवर पहिल्याच झुडपापाशी त्यांनी पान चुरडलं, स्वतः हुंगल्यासारखं केलं आणि काकूंपुढे धरलं. "बघ, कसला उग्र आहे." काकूंनी वास घेतला आणि मान हलवली. काकांनी फीत बांधली. बस, एवढ्यावर सगळं ठरलं. वास नसेल तर मान हलवायची नाही, पान खाली टाकायचं, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. काका पान पुढे करायचे, काकू मान हलवायच्या, मागून मंडळी खणत यायची. या वयात प्रेम उतू चाललंय, असं ब्रेकभाऊ चिडवायचे. काका हसायचे, आणि घरी येऊन जेवताना आज किती जमीन मोकळी झाली ते सांगत बसायचे. काकूंचा जीव भांड्यात पडायचा.

असं चालू असताना काकूंना सर्दी झाली. साधी सर्दी, पण नाक असं चोंदलं की बोलताना शब्द डब्यातून आल्यासारखे येत होते. रविवारी सकाळी त्या वाफारा घेऊन बसल्या होत्या आणि काका दारात बूट घालत होते. ते थांब म्हणाले नाहीत की चल म्हणाले नाहीत. नुसते बूट घालून उंबऱ्याशी उभे राहिले. काकूंनी तोंड पुसलं आणि हातमोजे उचलले.

नेमका त्याच दिवशी घळीच्या पलीकडच्या उतारावर जायचा रस्ता मोकळा झाला. तिथे आजवर कुणाला जाता आलं नव्हतं. दाट, कंबरेएवढी झुडपं, एकही फूल नाही. काकांनी पान चुरडून पुढे धरलं. काकूंनी श्वास ओढला. वास सोडाच, नाकातून हवासुद्धा आत जाईना. मागे सगळे पहारी टेकून उभे होते, सिस्टर घाम पुसत होती, ब्रेकभाऊ उरकून टाका म्हणत होते. काका काकूंच्या डोळ्यांत पाहत होते. आज मला कळत नाहीये, एवढे शब्द तोंडातून बाहेर काढले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मग तुम्हाला कशाला कळायला हवं, काका आहेत ना, असं कुणीतरी म्हणालं असतं, आणि काकांचं बिंग भर टेकडीवर फुटलं असतं. काकूंनी मान हलवली. पुढच्या झुडपाला हलवली, त्याच्या पुढच्यालाही हलवली. आजूबाजूला सगळी घाणेरीच होती, मग ही वेगळी कशी असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मागच्यांच्या हातमोज्यांना सकाळपासून घाणेरीचाच वास चिकटला होता, त्यामुळे खणताना कुणाला वेगळं काही जाणवलं नाही. दुपारपर्यंत तो अख्खा उतार बोडका झाला आणि घळीच्या तोंडाशी उलट्या झुडपांचा मोठा ढीग उभा राहिला. परतताना काका गुणगुणत होते. काकूंना सर्दीनं डोकं जड झालं होतं, की दुसऱ्या कशानं, ते सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारपर्यंत काकूंचं नाक मोकळं झालं. मंडळी घळीशी पोचली आणि पाणी प्यायला टेकली. काका फितींचं भेंडोळं घेऊन वर, घळीच्या माथ्यावरच्या खडकाळ कपारीकडे रस्ता बघायला निघाले. काकू ढिगापाशी उभ्या राहिल्या. आधी त्यांना कळेना की काय चुकतंय. मग कळलं. ढिगाला वास नव्हता. एवढा मोठा ढीग, आठवडाभर उन्हात, आणि वाळल्या पाल्याच्या धुळीशिवाय काही नाही. त्यांनी खालून एक फांदी ओढली. सावलीतली असल्यानं तिची पानं अजून मऊ होती. चुरडून हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग फांदीच्या आतल्या बाजूला त्यांना फुलं दिसली. मुळं आभाळाकडे असलेल्या त्या झुडपानं, जीव जाता जाता, बारीक पांढरी फुलं काढली होती.

फांदी लपवावी असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण सिस्टर पाण्याची बाटली घेऊन मागेच उभी होती. तिनं फांदी काकूंच्या हातातून घेतली, पान चोळलं, वास घेतला, फुलांकडे पाहिलं. रुग्णालयात रोज वाईट बातम्या सांगणारी ती बाई, पण तिचा चेहरा पडला. तिनं सगळ्यांना हाक मारली. काका उतरून आले. फुलं बघायला नाक लागत नाही. त्यांनी ती पाहिली आणि होते तिथे दगडावर बसले.

"काका, ही झुडपं तुम्ही तपासली होती ना?" सिस्टरनं विचारलं.

काकांनी तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या. "त्या दिवशी इथल्या फिती मी बांधल्या. हे दमले होते. मला वाटलं, एवढ्या दिवसांत आता मलाही कळतं." खोटं इतकं सहज बाहेर आलं की काकूंना स्वतःचंच नवल वाटलं. ते ऐकून काका काही बोलतील असं त्यांना वाटलं होतं. काका आपल्या बुटांकडे बघत राहिले. हे गप्प बसणं काकूंनीच त्यांच्या पदरात टाकलं होतं, तरी ते काट्यासारखं रुतलं.

सिस्टर भडकली. कळत नाही तर हात लावू नये, म्हणाली. जे शोधायला आम्ही वर्षानुवर्षं येतोय तेच आमच्या हातांनी उपटायला लावलंत. ब्रेकभाऊ मध्ये पडले, जाऊ दे, मुद्दाम थोडंच केलंय, म्हणाले, पण त्यांचाही आवाज उतरला होता. सिस्टरनं शेवटी ठरवून टाकलं. खरबडी उरली असेल तर वरच्या कपारीत, घाणेरीच्या गर्दीत उरली असेल. तिथलं एकेक झुडूप काका तपासतील, आणि काकांशिवाय फितीला कुणीही हात लावायचा नाही. "काकू, तुम्ही खालीच थांबा," ती म्हणाली, आणि सगळे चढायला लागले.

काकू ढिगापाशी एकट्या राहिल्या तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याची लाज राखायला गेल्या आणि त्याच्याजवळ होतं ते एकमेव नाक त्यांनीच काढून घेतलं. वर जे काही शेवटचं उरलं होतं ते आता अशा माणसाच्या हातात होतं ज्याला फिनेलचाही वास येत नव्हता. ओरडून सांगावं तर काका सगळ्यांपुढे उघडे पडणार. गप्प बसावं तर कपारही बोडकी होणार. त्या गुडघ्यांची पर्वा न करता चढायला लागल्या.

अर्ध्या चढावर त्यांना काका दिसले. त्यांनी पान चुरडलं होतं आणि नाकाशी धरलं होतं. नेहमीपेक्षा फार वेळ. सगळे त्यांच्याभोवती दाटीनं उभे होते. काकांनी मान वळवून खाली काकूंकडे पाहिलं. एवढ्या लांबून काकू काय सांगणार. त्यांचे हात नुसते पुढे झाले. काकांनी फीत फांदीभोवती घेतली, अर्धी गाठ मारली. मग ती गाठ सोडवली.

"मला वास येत नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे खरबडीच," ब्रेकभाऊ आनंदानं म्हणाले. "वाचली म्हणायची एक तरी." दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काकांना तिथेच सुटता आलं असतं. कुणीही सुटलं असतं. काकू जागच्या जागी थबकल्या.

"पानाचं नाही, माझं सांगतोय," काका म्हणाले. "मला कशाचाच वास येत नाही. थंडीतल्या तापापासून. ही घ्यायची वास, मी नुसत्या फिती बांधायचो. त्या रविवारच्या फितीही मीच बांधल्या." मग जरा थांबून म्हणाले, "हिला सर्दी होती, तेही मला माहीत होतं."

सिस्टरनं काकांच्या बोटांतून ते चुरडलेलं पान घेतलं आणि हुंगलं. घाणेरी, ती म्हणाली. शेजारच्या झुडपाचं पान घेतलं, हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली की हिला हात लावू नका. ब्रेकभाऊंनी पान मागून घेतलं. काम सुरू झालं आणि त्यात काकांना करण्यासारखं काही उरलं नाही. ते हळूहळू उतरू लागले. काकूंच्या अंगावरून गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

काकू मागोमाग उतरल्या. दया यायला हवी होती, पण त्यांच्या डोक्यात तिडीक गेली होती. वाफाऱ्याचं पातेलं, डब्यातला आवाज, सगळं दिसत होतं या माणसाला, ऐकू येत होतं.

"माहीत होतं तर पानं कशाला पुढे करत होतात?" ढिगापाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं.

"तू मान हलवत होतीस म्हणून."

"तुम्ही पुढे करत होतात म्हणून मी हलवत होते."

काका ढिगाशी उकिडवे बसले. वरची झुडपं उन्हानं कडकडीत झाली होती, हात लावताच पाला गळत होता. ती बाजूला सारून त्यांनी तळाशी हात घातला, जिथे सावली होती, आणि एकेक काढून नखानं साल खरवडून आत जीव उरलाय का ते बघू लागले. वाळलेली. वाळलेली. तिसरीही वाळलेली. आज घरी गेल्यावर हा माणूस बुटांसकट आडवा होईल आणि पुन्हा उठणार नाही, ही भीती काकूंच्या मनातून गेली नव्हती. उलट आता ती भीती लपवायलाही जागा उरली नव्हती. त्यांनी पाण्याची बाटली घेतली, एक रिकामं पोतं ओलं केलं आणि शेजारी अंथरलं.

तळातल्या एका झुडपाची साल आतून हिरवी निघाली. पण ढीग रचताना त्यात दोन्ही मिसळल्या गेल्या असतील तर? चुकून घाणेरी पुन्हा लावून बसलो तर? काकांनी त्याचं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं, सवयीनं नाकाकडे नेलं आणि अर्ध्यावर थांबले. मग त्यांनी ते काकूंपुढे धरलं.

"वास आहे का गं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं, वर कपारीपर्यंत ऐकू जाईल असं. हा प्रश्न त्यांनी आजवर एकदाही विचारला नव्हता.

काकूंनी पान हातात घेतलं. सावकाश, नीट वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी ते झुडूप ओल्या पोत्यावर ठेवलं आणि पुन्हा ढिगात हात घातला.